एकशे सदतिसावी फेरी

टॅलमज ॲब्शर गाडी कुठे शिकला असं कुणी विचारलं, की विचारणारा आधीच डोळा मिचकावतो. आमच्या विल्क्स काउंटीतल्या जुन्या ड्रायव्हरांनी चोरटी दारू वाहून हात साफ केला, हे आता शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. पण माझ्या नवऱ्याने डोंबलाची दारू वाहिली! तो कोंबड्या वाहायचा. ट्रकवर लाकडी खुराड्यांची चळत, एका खेपेला आठशे जिवंत कोंबड्या, आणि समोर डोंगराचा उतार. दणकून ब्रेक मारला की कोंबड्या एकमेकींवर चेंगरून मरायच्या, म्हणून टॅल ब्रेकला पायच लावायचा नाही. वळण दिसायच्या आधीच पाय उचलायचा, आणि गाडी त्या वळणात नुसती सोडून द्यायचा. बाकीच्यांच्या ट्रकमधून दहा-बारा मेलेल्या निघायच्या. याच्या ट्रकमधून एखादी निघाली तर निघाली.

मी तेव्हा खाली कोंबड्यांच्या वखारीत कामाला होते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरी पिसं चिकटली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "आरशात बघ जरा, अंड्यातून आत्ता बाहेर आल्यासारखा दिसतोयस."

"मग ऊब दे की," म्हणाला. निर्लज्ज मेला! वसंतात आमचं लग्न झालं.

एकोणपन्नास साली त्याने जुनी फोर्ड आणली. आमच्याकडची शर्यत म्हणजे रस्त्यावर धावते तीच गाडी. काचा काढायच्या, मागची सीट काढायची, दारं कातडी पट्ट्यांनी बांधून टाकायची, आणि तांबड्या मातीच्या गोल मैदानात घुमवायची. टॅलने दारावर एक्केचाळीस आकडा रंगवला. चार थोडा तिरका आला. नंतर किती गाड्या बदलल्या, पण चार त्याने तसाच तिरका काढला.

सतरा वर्षं तो शर्यतीत गाडी पळवत होता. जिंकला एकही नाही. दुसरा अकरा वेळा आला. बोलायला मात्र असा, की ऐकणाऱ्याला वाटावं हाच सगळ्यांचा बाप! टॅलसारखा थापाड्या अख्ख्या डोंगरात नव्हता. एवढासा मासा धरायचा आणि दुकानात पोचेपर्यंत त्या माशाने याला पाण्यात ओढलेलं असायचं. लोक हसायचे, मीही हसायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आमच्या बायकांचं काम फेऱ्या टिपायचं. हल्लीसारखी यंत्रं नव्हती. प्रत्येक गाडीचं एक कार्ड, त्यावर एक ते दोनशे आकडे छापलेले, आणि समोर मोठं घड्याळ. आपली गाडी रेघेवरून गेली की घड्याळात बघायचं आणि पुढच्या आकड्यासमोर वेळ लिहायची. बहुतेक कार्डं ड्रायव्हरांच्या बायकांकडेच असायची. शेवटी सगळी कार्डं पंचांकडे जायची, आणि पहिला कोण ते कार्डांवरून ठरायचं. ड्रायव्हरच्या शब्दाला किंमत शून्य. तो तर म्हणणारच. लिहिणारीच्या शब्दाला मात्र होती. माझ्या कार्डात कधी खाडाखोड नसायची. दुसरे ड्रायव्हर टॅलला म्हणायचे, "बायको उसनी दे की एक रविवार."

"माझ्यावर नजर ठेवायला तिलाच वेळ पुरत नाही," टॅल म्हणायचा.

एकसष्ट सालचा सप्टेंबर. हिकरी फोर्कचं मैदान. रविवारी चर्च उरकून, डब्यात तळलेलं चिकन आणि सफरचंदाच्या पुऱ्या घेऊन आम्ही गेलो. त्या दिवशी गाडी इतकी गोड चालली होती की काय सांगू! साठाव्या फेरीला टॅल दुसरा, शंभराव्याला पहिला. त्याच्या मागे आर्व्हिल ट्रिप्लेट, आणि आर्व्हिलची बायको मोझेल माझ्या शेजारीच, मांडीवर कार्ड घेऊन. मोझेल पेन्सिल चावायची, ओठ नेहमी काळे.

पाऊस बरेच दिवस नव्हता. धूळ अशी उठली की मैदानाची पलीकडची बाजू दिसेनाशी झाली. गाड्या धुळीत शिरायच्या, काही वेळ नुसता आवाज असायचा, मग आमच्यासमोर बाहेर पडायच्या. सव्वीस सेकंदांनी टॅल. लिहिलं. सव्वीस सेकंदांनी टॅल. लिहिलं. ऊन कलायला लागलं आणि ती धूळ आतून उजळली, सोनेरी. इंजिनांचा एकच सूर झाला, चर्चमध्ये सगळे मिळून लावतात तसा. माझे हातपाय हलके झाले. मला वाटलं, मी वखारीच्या दारात उभी आहे, आणि वरून डोंगरावरून पांढरी पिसं येताहेत, हळूहळू, कसली घाई नाही. त्या पिसांतून टॅल चालत येतोय. विशीतला. मला हाक मारत नव्हता, नुसता येत होता. मी डोळे मिटले नव्हते, शपथेवर सांगते. इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नाही.

मग मोझेलचं कोपर लागलं, टॅलची गाडी समोरून गेली, आणि मी वेळ लिहिली. एकशे छत्तीस आणि एकशे सदतीस यांच्यामध्ये बावन्न सेकंद होते.

बावन्न म्हणजे दोन फेऱ्यांचा वेळ. एक तर माझ्याकडून एक फेरी सुटली, नाहीतर टॅल पलीकडे धुळीत घसरून गवतात गेला आणि एक फेरी गमावून परत आला. पलीकडे कठडा नव्हता, कमरेएवढं कुसळीचं गवत होतं, आणि त्या दिवशी तिघं आधीच तिथे जाऊन आले होते. मी मोझेलला विचारलं, "टॅल आत्ता मध्ये एकदा समोरून गेला का गं?"

"अगं बाई, मला माझाच दिसेना झालाय!" ती म्हणाली.

झेंडा पडला तेव्हा टॅल पुढे होता, आर्व्हिल त्याच्या शेपटीला. टॅल खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. धुळीने तोंड लाल, दात तेवढे पांढरे. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यातच पंच मिस्टर होक कार्डं घेऊन आले आणि म्हणाले, "जरा थांबा. आर्व्हिलच्या दोनशे भरल्यात. टॅलमजच्या एकशे नव्व्याण्णव."

"डोळे तपासून घ्या, होकसाहेब!" टॅल म्हणाला.

होक माझ्याकडे वळले. म्हातारा सरळ माणूस होता. टोपी काढून म्हणाला, "व्हर्जीबाई, इथे बावन्न सेकंद आहेत. तुमच्याकडून फेरी सुटली असेल तर सांगा, मी इथल्या इथे भरून देतो. तुमचा शब्द मला पुरे."

टॅल हसला आणि म्हणाला, "सांग ना व्हर्जी. मी कुठे थांबलो नाही, घसरलो नाही. सांग त्यांना."

आणि मला तो मासा आठवला. देवा, क्षमा कर, मला तो दुकानातला मासा आठवला! मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. 'सुटली' म्हटलं असतं आणि तो गवतात गेलेला असता, तर आर्व्हिलची शर्यत मी चोरली असती. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

टॅलचं हसू लगेच गेलं नाही, तसंच राहिलं थोडा वेळ. मग तो लोकांच्या खांद्यांवरून खाली उतरला आणि आर्व्हिलचा हात हातात घेऊन हलवला.

दुसऱ्या दिवशी टॅल कामावर गेल्यावर मी गाडी धुवायला काढली. ते नेहमी माझंच काम. गवतात जाऊन आलेली गाडी धुणं म्हणजे शिक्षा. कुसळं खाली जाळीत, चाकांच्या आत, इंजिनाच्या पोटात रुतून बसतात, चिमट्याने एकेक उपसावी लागतात. मी पाण्याचा पाइप घेऊन खाली आडवी झाले आणि बघत राहिले. नुसती लाल माती होती. एक काडी नव्हती.

तो खरं बोलत होता. मी फेरी सोडली होती.

निकाल जाहीर झाल्यावर बदलत नसे. तरी मी त्याला सांगायला हवं होतं. संध्याकाळी तो आला, गाडीकडे बघून म्हणाला, "मस्त धुतलीस." मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "जेवायला वाढू?" दुसऱ्या दिवशी आणखी जड गेलं. असं करत करत, बघा, बत्तीस वर्षं गेली.

पुढच्या रविवारी मी जायला तयार नव्हते. त्याने पेन्सिलीला टोक काढून माझ्या हातात दिली. "चल, उशीर होतोय," एवढंच. सहासष्टपर्यंत मी त्याच्या फेऱ्या टिपल्या, पापणी लवू न देता, आणि त्या वर्षांत तो कधी जिंकला नाही. मग कंबर गेली, गाडी विकली, परत कोंबड्यांचा ट्रक. दुकानात तो हिकरी फोर्कची गोष्ट सांगायचा, दरवेळी आर्व्हिल आणखी मागे पडायचा. शेवटी कुणी विचारलंच, की मग हरलास कसा, तर म्हणायचा, "त्या होकला गणित येत नव्हतं." माझं नाव त्याने कधी घेतलं नाही. मी तिथेच उभी असायचे, शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन, आणि मला ते कुठेतरी आत कापत जायचं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता घरीच ठेवा. मी त्याची खाट ओसरीवर आणली. तो दिवसभर झाडांकडे बघायचा. झोपेत असला तरी हात स्टिअरिंगवर असल्यासारखे किंचित वळायचे. मी शेजारी बसून शेंगा मोडायचे. ते दिवस मला वाईट आठवत नाहीत, मऊ होते.

एका दुपारी तो डोळे मिटूनच म्हणाला, "व्हर्जी, हिकरी फोर्कला मी गवतात गेलो होतो बरं का."

माझा हात थांबला.

"मागच्या बाजूला. सपशेल आडवा झालो. धुळीत कुणी बघितलं नाही, म्हणून दामटून खोटं बोललो. तुझं कार्ड बरोबर होतं. तू काही सोडलं नव्हतंस." एवढं बोलायला त्याला चारदा थांबावं लागलं.

बत्तीस वर्षं त्याला माहीत होतं मी काय उराशी धरून बसलेय. आणि जाता जाता हा थापाड्या माझ्यासाठी एक शेवटची थाप मारत होता. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी दोघं सुटलो असतो. तसं म्हणावंसं वाटलंही. पण मला रडूच फुटलं, आणि राग पण आला, त्याचा, माझा, सगळ्यांचा.

"खोटारड्या," मी म्हटलं. "गवतात गेला नव्हतास तू. मी गाडी धुतली ना! मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. माझं लक्ष उडालं होतं, टॅल. मी फेरी सोडली. ती शर्यत तू जिंकला होतास."

त्याने डोळे उघडले. ओठ हलले, आवाज आला नाही, म्हणून मी कान जवळ नेला.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.