कुटुंबात एकच

बी. एस्सी.चे शेवटचे वर्ष मला पुरे करता येणार की नाही, हे इन्कमटॅक्सच्या एका रकान्यावर ठरणार होते. आम्ही धारला राहत असू. दादा, म्हणजे माझे वडील, तिथे एका कापूस कंपनीचे काम पाहत. पगार मात्र खंडव्याच्या मुख्य कचेरीतून येई, म्हणून करही इंग्रजी मुलखाच्या कायद्याने बसे. त्या कायद्यात एक सोय होती: स्वतःच्या किंवा पत्नीच्या आयुष्याचा विमा उतरवला, तर हप्त्यापुरत्या उत्पन्नावर कर माफ. दादांनी आईचा विमा उतरवला होता. तरीही खंडव्याच्या इन्कमटॅक्स कचेरीतून उत्तर आले की सूट नामंजूर. अर्जदाराची आई, बहीण, मुले असे आश्रित या कलमात बसत नाहीत. हरकत असल्यास समक्ष यावे.

सूट गेली, तर विम्याचा हप्ता आणि माझे इंदूरचे कॉलेज, यांपैकी एकच चालणार होते.

"माझा विमा मोडा," आई म्हणाली.

"तो मोडायचा नाही," दादा म्हणाले. मग काय मोडणार, ते मला कळले. मामा काही दिवस हप्ता उचलेल का, हे विचारायला आई देवासला माहेरी गेली.

मी कलम पुन्हा वाचले. आजी आणि विधवा आत्या दादांच्याच आधाराने राहत होत्या. पण कायदा त्यांची दखल घेत नव्हता, आणि दादांनी त्यांच्यासाठी काही मागितलेही नव्हते. मग नकारात त्या आल्या कुठून? कारणावाचून परिणाम होत नाही, एवढे तरी कॉलेजने मला शिकवले होते. मी दादांबरोबर खंडव्याला जायचा हट्ट धरला.

अधिकारी हिंदी भाषक होते. दादांनी अर्ज त्यांच्या सोयीसाठी हिंदीतच लिहिला होता: 'कुटुंब के बीमे की किस्त.'

"आपके कुटुंब में कितने लोग हैं?" त्यांनी विचारले.

दादा चपापले. "एकच, साहब."

"एक ही?"

"हम भले घर के आदमी हैं," दादा ताठ होऊन म्हणाले. "दूसरा कुटुंब हमने किया नहीं."

कोपऱ्यातल्या कारकुनाने लेखणी खाली ठेवली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "और ये बेटी? माँ? बहन?"

"वे सब हैं. पर कुटुंब में नहीं आतीं."

"बेटी को साथ लाए हैं, और बेटी कुटुंब में नहीं आती!"

मला एकदम उलगडा झाला. घरी पाहुणे आले की दादा म्हणत, "आमचे कुटुंब देवासचे." आमच्याकडच्या जुन्या माणसांत पत्नीला कुटुंबच म्हणत, हिंदीत त्याच शब्दात सगळे घर मावते. दादांनी आईसाठी मागितलेली सूट कचेरीने घरादारासाठी मागितली असे धरले होते.

"साहब," मी म्हणाले, "मराठी में पुराने लोग पत्नी को कुटुंब कहते हैं."

"तो सीधे पत्नी क्यों नहीं लिखा?"

दादांचे कान लाल झाले. "अच्छा नहीं लगता, साहब. मुलगी बसली आहे."

अधिकारी मनमोकळे हसले. त्यांनी विम्याचा कागद पाहिला, आईचे नाव पाहिले, आणि 'कुटुंब' खोडून स्वतःच्या हाताने 'पत्नी' लिहिले. सूट मंजूर झाली.

परतीच्या गाडीत नर्मदेचा पूल आला तसे दादांनी कोटाची बटणे सोडली, पाय पसरले आणि मला म्हणाले, "केळी घे की." मग दोघांनीही केळी खाल्ली. इतके निवांत मी त्यांना कित्येक आठवड्यांत पाहिले नव्हते. धारला न जाता आम्ही इंदूरहून थेट देवासला गेलो.

मामाने सगळे ऐकून घेतले आणि दादांना हात जोडले. "भाऊजी, दुसरे कुटुंब केले नाहीत हे सरकारदप्तरी सांगून आलात, बरे केलेत. आता आम्ही निश्चिंत."

"थट्टा पुरे," आई पदराआड हसत म्हणाली, मग दादांकडे वळून, "अहो, म्हणजे विमा राहिला?"

"राहिला."

"आणि हिचे कॉलेज?"

"तेही."

आईने डोळे टिपले नाहीत की देवाला हात जोडले नाहीत. माझ्याकडे वळून तिने विचारले, "उघडते कधी?"

"सोमवारी."

"मग बसलीस काय? तुझ्या साड्या अजून धारला आहेत."