कॅचरचं नाव

गंगाखेडच्या कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या सुगतच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे. दारात सापडलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. खरं सांगायला वेळ लागतो आणि झेरॉक्सला आलेला माणूस घाईत असतो.

दहा वर्षांपूर्वी तो कॉलेजच्या बेसबॉल संघात कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा, होता. या खेळावर कुणाचं प्रेम होतं असं नाही. प्रमाणपत्र मिळालं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेवर हक्क सांगता येतो, एवढं मात्र साऱ्यांना पाठ होतं. मास्क, ग्लोव्ह्ज, बॅटी कापडदुकानदार सांबप्पांनी दिल्या. बदल्यात काही मागितलं नाही. फक्त यादीत कॅचर म्हणून त्यांच्या मुलाचं, शिवकांतचं नाव गेलं. शिवकांत चेंडू आला की डोळे मिटायचा.

"एवढ्या बारी शिवकांत म्हणून खेळ," क्रीडाशिक्षक व्यंकटराव सर म्हणाले. "पुढच्या वर्सी तुझंच नाव टाकतो."

सुगत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. हे सरांना माहीत होतं, सुगतलाही. तरी त्यानं विश्वास ठेवला. ओळखपत्रावरचा फोटो इतका काळा निघाला होता की त्यात कुणीही मावलं असतं.

त्या मोसमात संघ हरला नाही. परभणीच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात, मोडलेल्या बोटानिशी सुगतनं धाव पुरी करायला होम प्लेटवर धावून येणाऱ्याला बाद केलं. कुंपणाबाहेरून त्याची आई सरजाबाई ओरडली, "सुगत! आरं सुगत!" पंच बघत होते. सुगतनं मान वळवली नाही.

घरी तिनं विचारलं, "वळखलं न्हाईस का रं मला?"

प्रमाणपत्रावर चेंडू टाकणारा पिचर दत्ता पोलिसात लागला. त्याच भरतीत सुगत दोन गुणांनी हुकला. यंदा शिवकांतचाही नंबर लागला आणि कुणीतरी तक्रार केली, की हा खेळलाच नाही. मग सर शिवकांतला घेऊन दुकानात आले. साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

"सर, कोण खेळलं तुमाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हणून तर तुझ्याकडं आलो. तू बोललास तर नऊच्या नऊ कागद रद्द. दत्ताला दोन लेकरं हायत."

"आन् माझं?"

"तुझं लय भारी चाललंय की," शिवकांत समजुतीनं म्हणाला. "कोर्टासमोर दुकान!"

सुगतनं मसुदा वाचला. 'मी सदर सामन्यास प्रेक्षक म्हणून हजर होतो व श्री. शिवकांत यांना कॅचर म्हणून खेळताना प्रत्यक्ष पाहिले.'

"शेवटच्या डावात बाद केल्यालं ऱ्हायलंय," तो म्हणाला. "तेबी टाका."

टाकलं. शिवकांतच्या नावावर. सुगतनं सही केली.

"आरं, होम प्लेट कशी असती?" शिवकांतनं हळूच विचारलं. "साहेबानं इचारलं तर?"

सुगतनं वाया गेलेल्या झेरॉक्स कागदाच्या पाठीवर पाच कोनांची आकृती काढली. तिच्या मागं एक फुली मारली.

"हितं," तो म्हणाला, "तू बसला हुतास."