हंगामी मुख्य प्रशिक्षक

साठच्या दशकात मी साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. तिथं फुटबॉलचा सामना शिट्टीनं सुरू होत नसे, भाषणानं होई. आधी पाहुण्यांना फेटा, मग नारळ, मग आपण आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावला नाही अशी पाहुण्यांची विनम्र कबुली, आणि तरीही राष्ट्रजीवनातलं खेळाचं स्थान यावर अर्धा तास. मुलं तोवर उन्हात रांगेत उभी. एकदा आमचा गोलकीपर भाषण चालू असतानाच चक्कर येऊन पडला. पाहुण्यांनी ते आपल्या शब्दांचं सामर्थ्य मानलं असावं, कारण ते त्यानंतर आणखी दहा मिनिटं बोलले.

मुख्य प्रशिक्षक एका जहागीरदार घराण्यातले होते. सगळे त्यांना थोरले सर म्हणत. मैदानाच्या कडेला त्यांची वेताची खुर्ची असे आणि पंचवीस वर्षांत त्या खुर्चीतून संघाला दोनच सूचना आल्या: ‘मारा’ आणि ‘अरे, मारा की’. संघ खरा घडवत होते त्यांचे सहायक. हे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढच्या एका खेड्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. फौजेत ते नाईक होते. आम्ही सगळे त्यांना ‘हवालदार’ म्हणायचो. शाळेनं त्यांना दिलेली बढती एवढीच.

हवालदार पहाटे मैदानावर पाणी मारत, चेंडूचे ब्लॅडर फुगवत, कातड्याला चरबी चोळत आणि मग मुलांना पळवत. ओरडत नसत. चुकलेल्या मुलाजवळ जाऊन म्हणत, “गड्या, चेंडू कुठं हाय ते समद्यांना दिसतंय. मोकळी जागा कुठं हाय ते बघ.” मला फुटबॉलमधलं जे थोडंफार कळतं ते या वाक्यातून. सांगलीला जिल्ह्याबाहेरच्या संघांशी सामने असत, तेव्हा मुलं खुर्चीकडे न बघता खुर्चीमागं उभ्या असलेल्या हवालदारांच्या हाताकडे बघत. तिथं एकदा आम्ही ढाल जिंकली. फोटो काढताना थोरल्या सरांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून हवालदारांना छत्री धरायला सांगितलं. फोटोत त्यांचं मनगट आलं आहे.

पुढं थोरले सर निवृत्त झाले. जून महिन्यात संस्थेनं हवालदारांना ‘हंगामी मुख्य प्रशिक्षक’ नेमलं आणि कायम नेमणुकीचा विचार दसऱ्यानंतर करू असं कळवलं. मुख्य प्रशिक्षकाला मैदानालगत दोन खोल्या मिळत. हवालदार क्रीडासाहित्याच्या खोलीत, जाळ्या आणि डंबेल्सच्या शेजारी झोपत. त्यांची बायको गावाकडे, मैलभरावरून पाणी आणत होती. “खोल्या मिळाल्या की तिला आणतो,” ते म्हणाले. “नळ बगितला की खुळीच हुईल.” त्या पावसाळ्यात त्यांनी संघ असा तयार केला, की सांगलीची ढाल आम्ही परत आणली, आणि या वेळी खुर्चीशिवाय.

मी कार्यकारी मंडळावर शिक्षकांचा प्रतिनिधी होतो. प्रतिनिधी म्हणजे इतिवृत्त लिहिणारा. नवरात्राच्या आधी अध्यक्षांच्या बंगल्यावर बैठक झाली. अध्यक्ष उसाचे मोठे बागायतदार. समतेवर त्यांच्याइतकं चांगलं बोलणारा माणूस मी साताऱ्यात दुसरा ऐकला नाही. हवालदारांचं नाव निघालं तशी त्यांनी पानदान बाजूला सारलं.

“हे बघा मास्तर, जातीची गोष्ट या बैठकीत कुणी काढायची नाही. आपण पुढारलेली माणसं आहोत.”

कुणीच काढली नव्हती.

“प्रश्न फक्त खंडेनवमीचा आहे,” ते म्हणाले.

आमच्या शाळेत खंडेनवमीला हत्यारांसोबत खेळाच्या साहित्याचीही पूजा होई. पाटावर चेंडू, पंप, शिट्ट्या आणि लेझीम मांडत. मुख्य प्रशिक्षक त्यांना हळदकुंकू आणि झेंडू वाहत, गोलपोस्टवर नारळ फोडत आणि मग वर्षाचा संघ जाहीर करत. ज्याच्या हातून पूजा, तो मैदानाचा मालक, असं मुलांपासून शिपायापर्यंत सगळे धरून चालत. गाईच्या कातड्याच्या चेंडूला भक्तिभावानं फूल वाहताना कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या कातड्याला वर्षभर चरबी कोण चोळतो, हे त्या दिवशी कुणी आठवत नसे.

“पूजा त्यांनी केली तर आमची काय हरकत?” अध्यक्ष म्हणाले. “पण ते करतील का? त्यांचा धर्म आता वेगळा. आपण तरी बळजबरी कशी करायची? तुम्ही विचारून बघा.”

हवालदारांच्या घरच्यांनी छप्पन सालानंतर बौद्ध धर्म स्वीकारला होता हे मला ठाऊक होतं. अध्यक्षांनाही ठाऊक होतं. तरी मी निरोप घेऊन गेलो. हवालदार बुटांना खिळे ठोकत बसले होते. ऐकून घेतलं आणि हातोडी खाली ठेवली.

“सर, माझ्या बानं घरातलं देव टोपलीत भरून हिरीत टाकलं. मी रजेवर आलो हुतो. म्हातारी रडत हुती. बा म्हणला, रडायचं त्ये आज रड, उद्या न्हाई. आन् मी आता पंपाला कुकू लावू?”

मी पुस्तकं वाचलेला माणूस. माझ्याकडे उत्तर तयार होतं. “अहो, मी तरी कुठं देव मानतो? घरी बायको पूजा सांगते, मी बसतो. मनात काही नसतं. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

“तुमी मानत न्हाई त्येला कोन इचारतंय?” ते शांतपणे म्हणाले. “मानलं काय, न मानलं काय, तुमची खोली तुमच्याकडंच ऱ्हाती.”

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी म्हणालो, “मग बायकोला आणू नका.” हे वाक्य मी बोललो. इतिवृत्तात नाही, म्हणून इथं लिहितो.

चार दिवसांनी ते वर्गाच्या दाराशी आले. “करतो,” म्हणाले. “काय काय लागतं त्ये लिहून द्या.” मी यादी दिली, सुंदर अक्षरात.

खंडेनवमीला अध्यक्ष सहकुटुंब आले. हवालदारांनी इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी घातली होती. त्यांनी पूजा केली ती कवायतीसारखी. पाटासमोर सावधान, हळद, कुंकू, फूल, एक पाऊल मागं. चेंडू, पंप, शिट्टी, एकेक करून. नारळ एका घावात फुटला. मग त्यांनी संघाची अकरा नावं वाचली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी त्यांच्या हातून खोबऱ्याचा तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि सगळ्यांकडे बघून हसले. आपण चमत्कार केल्यासारखा मीही हसलो.

दिवाळीआधी बैठक झाली. पहिलाच विषय नेमणुकीचा होता. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“पूजा झाली, छान झाली,” ते म्हणाले. “पण मला त्या रात्री झोप लागली नाही, मास्तर. जो माणूस नोकरीसाठी आपला धर्म चार दिवसांत बाजूला ठेवतो, त्याच्या हाती आपली मुलं कशी द्यायची? उद्या मुलांनी हाच आदर्श घ्यायचा का?”

एका सभासदानं ‘विचार करण्यासारखं आहे’ असं म्हटलं. त्यानं विचार केलेला मी कधी पाहिला नव्हता. मग अध्यक्षांनी आपल्या सांगलीच्या भाच्याचं नाव सुचवलं. भाचा कुस्तीगीर होता, व्यायामशिक्षणाची पदविका होती. फुटबॉलचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “हवालदार आहेतच की सहायक. ते कुठं जातायत?”

मी लिहीत होतो. ‘सर्वानुमते ठरले’ असं लिहिलं. सर्वांत मी होतो.

सांगायलाही मलाच पाठवलं. हवालदार जाळी विणत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“फूल वाहिलं नसतं तर?”

“तर परंपरा मोडली असं झालं असतं.”

“आन् वाहिलं म्हणून?”

मी कारण सांगितलं. अध्यक्षांच्याच शब्दांत सांगितलं, म्हणजे ते माझे ठरणार नाहीत. हवालदारांनी जाळीची गाठ आवळली.

“आवं, मग त्ये आधी सांगायचं की, सर. बायकूनं गावातनं निरोप धाडलाय, माझ्या हातचं पानी पिणार न्हाई म्हणून. तिला कुनीतरी पूजेचं सांगितलं. तिला म्हणलं हुतं, खोल्या मिळतील. आता काय सांगू?”

नवा मुख्य प्रशिक्षक दिवाळीनंतर आला. खोल्या त्याला मिळाल्या. गडी वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं हवालदारांना विचारलं, “हात कुणी लावला तर काय होतं हो, या खेळात?” हवालदारांनी त्याला नियम समजावून दिले, पंधरा दिवस, रोज संध्याकाळी, आणि एकदाही हसले नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मुंबईच्या एका गिरणीच्या संघाला शिकवणारा माणूस हवा होता; गावचा कुणीतरी तिथं होता.

गिरणीला अनुभवाचा दाखला लागत होता. तो लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी लिहिलं की यांनी सात वर्षं सहायक प्रशिक्षक म्हणून समाधानकारक काम केलं, वर्तणूक चांगली. त्यांनी कागद उभ्यानंच वाचला. मराठी चौथी झालेला माणूस, हळू वाचत असे.

“सर, ह्यातलं ‘सहायक’ काढता येईल का? जूनपासनं चार-पाच म्हैनं मीच हुतो की. ढाल त्यातच आली.”

“ती नेमणूक हंगामी होती,” मी म्हणालो. “आणि कायम नेमणुकीचा ठराव तसा झालेला नाही. नोंदीत नाही ते मी कसं लिहू?”

त्या दिवशी मला माझ्या लेखणीच्या सचोटीचा अभिमान वाटला होता, हे नोंदवायला हवं. अध्यक्षांच्या बंगल्यावर मी जे काही लिहिलं त्यातलं एक अक्षरही मला खोडावंसं वाटलं नव्हतं, आणि इथं एक खरा शब्द लिहायला माझा हात अडला.

“गिरणीत इचारतील,” ते म्हणाले, “मुख्य कोन हुता म्हणून.”

“थोरल्या सरांचं नाव सांगा,” मी म्हणालो.

त्यांनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली आणि सवयीनं टाचा जुळवून मला सलाम केला. तो मी घेतला.