माझा घोडेस्वार घटी बसला

गेल्या शनिवारी गावी, संतपूरला गेलो होतो आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी माहीत नसलेल्यांसाठी थोडं. हैदराबादला आम्ही काही मित्र दर रविवारी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडलं की फासे टाकायचे...

प्रत्येकाच्या माणसाची बोटभर उंचीची धातूची मूर्ती टेबलावर असते. ती ज्याची त्यानं रंगवायची. हो, नोकरी करणारी, लग्नाला आलेली माणसं हे करतात! ऑफिसात ‘बाहुल्या’ म्हणून हिणवून झालंय, नवीन काही असेल तर बोला.

माझा माणूस म्हणजे घोडेस्वार. ऑनसाइटला परदेशी गेलेल्या मित्राकडून मागवलेला, हातात तलवार, पाठीवर निळा शेला. त्या शेल्याच्या छटा झिरो नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून लावता लावता अख्खा पावसाळा गेला.

रविवारी आमच्या वर्षभराच्या गोष्टीतली शेवटची लढाई होती. नियम असा की, अर्धवट रंगवलेला माणूस लढाईत उतरणार नाही. माझा फक्त घोड्याचा लगाम राहिला होता, म्हणून त्याला डबीत घालून सोबत गावी नेलं.

सकाळच्या उजेडात लगाम रंगवला आणि वाळायला ठेवला... कुठं? देवघराच्या फळीवर. घरात मांजर, कोंबड्या, भावाची पोरं. कुणी हात लावत नाही अशी तेवढी एकच जागा. माझ्या अकलेला दंडवत!

कारण त्या दिवशी घटस्थापना होती. मी केस कापायला बाहेर पडलो आणि इकडं मायनं देव घासायला काढले. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, त्यामुळं देवघरात सगळे सोबत फिरवता येतील असे छोटे धातूचे देव. त्यात मैलारचा खंडोबा तर घोड्यावरच बसलेला, हातात तलवार... आता बोला.

चिंच, राख आणि नारळाची शेंडी. परत आलो तर माझा घोडेस्वार चांदीसारखा चकचकीत! विड्याच्या पानावर, खंडोबाच्या शेजारी, अंगावर हळद-कुंकू. बाजूला घट मांडून, मातीत धान्य पेरून सगळं तयार.

मी असा ओरडलो की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या.

“कामून ओरडायलास?” माय म्हणाली. “देव निळाकाळा पडलाता, घासून काढला. तूच की फळीवर ठेवलास!”

निळाकाळा!! माझा पावसाळा मोरीतून वाहून गेला होता. शेजारची काशाक्का तर तोवर त्याच्या पाया पडूनही गेली होती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जवळ जाऊन निरखलं आणि “घोडं झ्याक हाय” एवढाच शेरा मारला.

निदान मूर्ती तरी घेऊन जावी म्हणून मी हात पुढं केला, तर मायनं मनगटच धरलं. घटी बसलेला देव दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत, त्याला आंघोळसुद्धा नाही. हे मला माहीत नाही का? पण हा देव नाही ना!

हैदराबाद, रविवार, लढाई, नियम... सगळं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून म्हणालो, “माय, त्यो देव न्हाई गं, त्यो मी हाय! त्या खेळातला मी!”

मायनं माझं मनगट सोडलं.

“मंग तर बसूच दे,” ती म्हणाली. “तू कुठं दसऱ्याला घरी असतूस? नोकरी लागल्यापासून एक तरी दसरा केलास का हितं?”

राग तर जाईना, आणि आता धड रागावताही येईना. रिकामी डबी बॅगेत टाकली आणि संध्याकाळची बस धरली.

रविवारी टेबलावर सगळ्यांचे रंगवलेले वीर आणि माझ्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण. हसून हसून लोळले नालायक. पण आमचा गोष्ट सांगणारा श्रीनू जहीराबादचा, म्हणजे आमच्या गावाकडच्याच भागातला, तो मात्र ‘घटी बसलाय’ ऐकल्यावर गंभीर झाला.

त्यानं जाहीर केलं की, घोडेस्वार एका देवळात नऊ दिवसांच्या व्रताला बसलाय, उठू शकत नाही. तोवर बाकीच्यांनी किल्ला राखायचा, लढाई दसऱ्यानंतर. म्हणजे आता माझ्या एकट्यासाठी सगळे अडकलेत आणि तिथवर मला त्याला पुन्हा पहिल्यापासून रंगवायचंय.

आणि मायचे फोन वेगळेच. “आज तुला झेंडूची माळ चढवली.” मला! आधी ते सांगते, मग जेवलास का म्हणून विचारते. चिडचिड होते, आणि खरं सांगू... कुठंतरी फार बरंही वाटतं.

काल दसऱ्याची रजा टाकली. मॅनेजरनं कारण विचारलं. ‘मी गावाकडं घटी बसलोय, मला उठवायला जायचंय’ हे त्याला कसं सांगू? ‘घरगुती’ एवढंच लिहिलं.

मायच्या चिंचेतूनही घोड्याच्या पोटाखाली थोडा निळा रंग वाचलाय, निघताना त्याला न हलवता मी वाकून पाहिलंय. तिथूनच सुरुवात करीन. रजा मंजूर झाल्यावर मायला फोन केला, म्हटलं, दसऱ्याला येतोय आणि माझा माणूस घेऊन जातोय.

“ने की,” माय म्हणाली. “पर एकदा घटी बसलाय त्यो. आता दरसाल आणून बसवावं लागंल.”

फासे टाकून सुटेल अशी ही अडचणच नाही...