बंगलीजवळचा उतार

हल्ली आमची नात रविवारी सकाळी हेल्मेट घालून बाहेर पडते. ग्वाल्हेरच्या फूलबागेपाशी तिची टोळी जमते. सगळ्यांच्या सायकलींना ट्रॅक्टरला शोभतील असे जाड टायर. मग ही मंडळी शहराबाहेरच्या राखीव जंगलात, तळ्याभोवतीच्या वाटांवर धूळ उडवायला जातात. त्याला माउंटन बाइकिंग म्हणतात. म्हणोत बापडे, माझी काही तक्रार नाही. पण परवा ती घामाघूम होऊन आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "आजी, तो पुराना बंगला आहे ना तळ्याजवळ, तिथला ढाल, तो उतार, सगळ्यात बेस्ट आहे! ब्रेक लावायचाच नाही. खाली सुसाट यायचं, और उसी स्पीड में सामनेवाली चढाई आपोआप पार."

मी कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली. पोरगी गांगरली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती चढण आपोआप पार होते, हे मला सांगायला नको होतं इतकंच.

त्या वाटा माझ्या वडिलांनी राखल्या. संस्थान होतं तेव्हा ते शिकारखात्यात होते. जंगल महाराजांचं, तळं महाराजांचं, त्यातले चितळ आणि मगरीसुद्धा महाराजांच्या, आणि तळ्याभोवतीच्या वाटा तेवढ्या वडिलांच्या ताब्यात. पावसाळा संपला की ते आपल्या काळ्या, जडशीळ सायकलवर सगळ्या वाटा फिरायचे. कुठे माती वाहून गेली, कुठे झाड आडवं पडलं, ते बघून मजूर लावायचे. आमचे पूर्वज दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर भाला घेऊन आले होते. वडिलांच्या वाट्याला सायकल आली, आणि ती ते त्याच ऐटीत चालवायचे.

तळ्याच्या एका वळणावर दगडी बंगली होती. शिकारीला आले की महाराज तिच्या गच्चीवर बसत. वाट एका टेकाडावरून घसरत बंगलीपाशी यायची आणि तिथूनच समोर छातीवर येणारी चढण सुरू व्हायची. रिवाज असा होता की बंगलीसमोरून कोणी वाहनावर बसून जायचं नाही. घोडा असो, सायकल असो, उतरायचं. टोपी नीट करायची, वाकून मुजरा करायचा आणि पायी पुढे जायचं. महाराज आत असोत वा नसोत.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी लहान होते. मध्यभारत नावाचं राज्य झालं, वडिलांचं खातं सरकारी जंगलखात्यात मिसळलं, काम मात्र तेच राहिलं. बंगलीकडे पुन्हा कोणी फिरकलं नाही. दारं मोडली, गच्चीवर पिंपळ उगवला. वडील उतरतच राहिले.

मला त्यांनी नई सडकेवरच्या दुकानातून एक जुनी लेडीज सायकल आणून दिली होती. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायची. उतारावरून भन्नाट खाली यायचं, वारा कानात भरायचा, आणि ऐन मजेत वडील करकचून ब्रेक दाबायचे. मलाही उतरावं लागे. मग मुजरा. मग ती मेली चढण उन्हातान्हात सायकल ढकलत चढायची. माझं डोकं फिरायचं.

"बाबा, कोणी नाहीये ना तिथं! कुणासाठी उतरून राहिलात?"

"कोणी असलं की उतरायचं, नसलं की नाही, असं असतं का बेटा?"

एवढंच. मी वरपर्यंत धुमसत जायची.

मग पुन्हा नकाशे बदलले. मध्यभारत मोडलं, मोठा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात घरोघरी एकच विषय, कुणाची कचेरी जाणार आणि कुणाची राहणार. वडिलांचं नाव भोपाळला जाणाऱ्यांत होतं, तिथे एका खोलीत बसून टपाल पाठवायला. त्यांनी जन्मात कधी खुर्चीवरचं काम केलं नव्हतं. नुसत्या कल्पनेनं त्यांचं जेवण सुटलं. सुटकेची एकच वाट होती. नवं सरकार तळ्याभोवतीचं जंगल राखीव ठेवणार होतं आणि तिथे देखरेखीला एक माणूस हवा होता. तो निवडायला जबलपूरकडचे एक साहेब आले. जीप त्या वाटांवर जात नाही, म्हणून साहेबांसाठी सायकल मागवली गेली. डबे आणि सुरई माझ्या कॅरिअरवर बांधून मीही गेले.

सकाळ फार छान गेली. साहेब चाळिशीतले, हसरे. सायकल चालवताना त्यांना लहानपण आठवत असावं. वाटांची राखण बघून ते दोनदा "वाह" म्हणाले. एकदा मागे वळून मला म्हणाले, "बिटिया, तुम्हारे पिताजी तो यहीं के लिए बने हैं." माझं काळीज सुपाएवढं झालं. ग्वाल्हेर सुटणार नव्हतं.

आणि मग तो उतार आला. वडील पुढे, साहेब त्यांच्या अगदी मागे, मी शेवटी. मला दिसत होतं काय होणार ते. मी ओरडले, "बाबा, उतरू नका! सीधे चला!" वडिलांनी करकचून ब्रेक दाबला आणि उतरले. साहेबांना कल्पनाच नव्हती. वडिलांना चुकवायला त्यांनी हँडल फिरवलं आणि सायकलसकट तळ्याच्या चिखलात गेले.

घडायचं ते घडलं. चिखलच होता, हसून निभावलं असतं. पण वडिलांनी आधी सायकल झाडाला टेकवली, डोक्यावरची काळी टोपी सारखी केली आणि मोडक्या बंगलीला वाकून मुजरा केला. तीनदा. त्यानंतर ते साहेबांना उठवायला धावले.

साहेब चष्मा पुसत बंगलीतल्या वटवाघळांकडे बघत होते. "किसे सलाम कर रहे थे आप? वहाँ तो चमगादड़ हैं."

"जी, महाराज की बैठक है," वडील म्हणाले.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. जंगलाच्या फाटकापाशी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आप भले आदमी हैं. लेकिन यहाँ अब नये ढंग का आदमी चाहिए." वडिलांनी "जी" म्हणून मान हलवली. मला साहेबांचा तो हात झटकून टाकावासा वाटला आणि वडिलांना गदागदा हलवावंसं वाटलं. कुणाचा राग जास्त होता ते मला आजही सांगता येणार नाही.

भोपाळला जायच्या आधीच्या रविवारी वडील म्हणाले, एकदा फिरून येऊ. मी मनाशी ठरवूनच गेले. टेकाडावर पोचताच त्यांना मागे टाकलं आणि ब्रेकवरची बोटं काढून घेतली. बंगली सर्रकन बाजूनं गेली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चढण अंगावर आली, आता थांबणार, आता उतरावं लागणार असं वाटतंय तोवर मी वर होते. पायडल जेमतेम मारलं असेल.

म्हणजे ती वाट मुळात तशीच होती. उतार चढणीसाठीच होता. आणि जो माणूस आयुष्यभर तिची माती सारखी करत आला, त्याला ते कधी कळलंच नव्हतं. तो खाली उतरून, वाकून, पुन्हा ढकलत वर येत राहिला. मला रडू आलं, ते रागानं आलं.

"बाबा!" मी वरून ओरडले. "चढते! आपोआप चढते!"

ते खाली बंगलीपाशी सायकल धरून उभे होते. "पाहिलं मी," ते म्हणाले. मग त्यांनी सायकल वळवली आणि उलट त्या टेकाडावर ढकलत नेली. वर जाऊन बसले आणि सुटले. टोपी एका हातानं दाबून धरलेली. मी वरून बघत राहिले.

बंगलीपाशी ब्रेक लागला.

ते पुन्हा वर गेले. पुन्हा सुटले. पुन्हा तिथेच ब्रेक. पाय जमिनीवर टेकवून ते आपल्या हाताकडे बघत राहिले. मग टोपी सारखी केली, मुजरा केला आणि सायकल ढकलत माझ्याकडे यायला लागले.

वर आल्यावर बराच वेळ धापा टाकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"भोपाळला तळं फार मोठं आहे म्हणतात," ते म्हणाले. "काठाला वाटाही असतील. तिथं बंगली कुणाची आहे, ते गेल्या गेल्या विचारून घ्यायला हवं."