गिटारमामांचा चिमटा

आमच्या चर्चमध्ये रविवारचं गीत कुठल्या पट्टीत म्हणायचं, हे माझ्या आईच्या घशावर ठरायचं. घसा मोकळा असला की ती आभाळाला हात लावायची आणि सर्दी असली की विहिरीच्या तळाला जायची. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला की सगळी मंडळी तिच्याकडे बघायची. ती डोळे मिटून सुरुवात करायची आणि समोर कोपऱ्यात बसलेले गिटारमामा मान तिरपी करून नुसतं ऐकायचे. पहिली ओळ त्यांनी कधीच वाजवली नाही. दुसरी ओळ येईपर्यंत त्यांचा चिमटा गिटारच्या मानेवर हव्या त्या जागी सरकलेला असायचा, आणि मग गिटार आईच्या आवाजात अशी मिसळायची की दोघं घरून ठरवूनच आलेत असं नव्या माणसाला वाटावं. प्रत्यक्षात आईला सूर म्हणजे काय हे विचारलं असतं तर तिने हातातलं गीतांचं पुस्तक दाखवलं असतं.

तो चिमटा मामांनी स्वतः बनवलेला होता. लोखंडाची पट्टी, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर आणि मागे एक स्प्रिंग. तारांवर तो लावून वर सरकवला की गिटारचा सूर चढतो आणि खाली घेतला की उतरतो. दुकानात याहून देखणा मिळतो, हे मी त्यांना एकदा शहाणपणाने सांगितलं. त्यावर त्यांनी मला तो हातात घेऊन तोलायला लावला. चांगलाच जड होता. अक्का सुरू झाल्यावर असलाच घट्ट पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. अक्का म्हणजे माझी आई. मामा तिच्या माहेरगावचे, म्हणून ते तिला अक्का म्हणायचे, ती त्यांना शमू म्हणायची आणि आम्हा सगळ्या पोरांचे ते मामा झाले. पुढे तर पाळकसाहेबसुद्धा त्यांना मामा म्हणायला लागले.

पोटापाण्याला ते राहात्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचे. उसाच्या ट्रॉल्या, शेडचे सांगाडे, शिर्डीच्या हॉटेलांच्या जिन्यांचे कठडे. आठवड्याचे सहा दिवस कानाशी ग्राइंडर आणि घण, सातव्या दिवशी गिटार. हातांवर ठिणग्यांचे काळे डाग असायचे आणि बोटांची टोकं इतकी निबर झालेली की तारेचं आणि त्यांचं भांडण कधी झालंच नाही. एकदा ऐन उपासनेच्या सकाळी तार तुटली, तेव्हा त्यांनी सायकलच्या ब्रेकची वायर उसवून त्यातला एक पदर चढवला होता. त्या दिवशी गिटार जरा नाकात बोलली, एवढंच.

गिटार त्यांना कोणी धड शिकवली नव्हती. तरुणपणी ते मंडळीच्या एका शिबिराला गेले होते, तिथे पुण्याच्या एका माणसाने त्यांना तीन दिवसांत तीन कॉर्ड दाखवल्या. उरलेलं मंडळीने शिकवलं, असं ते सांगायचे, पण मंडळीने त्यांना आधी दोन वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं हे ते सांगत नसत. पंचांचं मत पडलं होतं की गिटार हे पिक्चरचं वाद्य, चर्चमध्ये पेटी आणि तबला पुरे. मामा वाद घालायला गेले नाहीत. ते बाहेर चिंचेखाली रविवारच्या शाळेतल्या पोरांना गाणी शिकवायचे आणि आत उपासना सुरू झाली की खिडकीशी उभे राहून हळूच वाजवायचे. हळूहळू आतली माणसं खिडकीकडे कान देऊन गायला लागली. शेवटी पंचांनीच निरोप पाठवला, की बाहेर उभं राहून लोकांचं लक्ष वेधू नकोस, आत येऊन बस. हार मानायची ही रीत मला फार आवडते.

मध्यंतरी शिर्डीच्या एका हॉटेलात संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम असायचा, तिथून त्यांना बोलावणं आलं. ते गेले आणि पंधरा दिवसांत परत आले. कारण विचारलं तर म्हणाले, तिथं सगळं आधीच ठरलेलं असतं, कोण कुठून सुरू करणार हेसुद्धा. त्यात त्यांना मजा येईना. पुढे आमच्याच तरुण संघातल्या पोरांनी कीबोर्ड आणला आणि आईला सांगितलं, काकू, आधी आम्ही सूर देतो, मग तुम्ही सुरू करा. आई बिचारी गांगरली आणि तिला सुरुवातच सापडेना. तेव्हा मामांनी पोरांना बाजूला घेतलं. मोठ्याने बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण ते वाक्य मी ऐकलं, कारण मी मागेच उभी होते.

"गानं मंडळीचं हाय. आपन निस्तं खाली हात धरायचा."

त्या रविवारपासून कीबोर्ड खोळीतच राहिला. मामांनी असा हात किती ठिकाणी धरला याची गणती नाही. माझ्या लग्नात वऱ्हाड चार तास उशिरा आलं, तेवढा वेळ मांडवातली माणसं त्यांनी एकट्याने गात ठेवली. मयतीला तर बोलवावं लागायचंच नाही. कबरस्तानात रडणाऱ्या माणसाचा आवाज कुठल्याही सुरात फुटतो, आणि मामा त्या फुटलेल्या आवाजालाही जाऊन मिळायचे. माझे वडील गेले तेव्हा आईने गीत सुरू केलं आणि अर्ध्या ओळीत ती थांबली. मामांनी पुढची ओळ वाजवली नाही. आई थांबली होती तिथेच त्यांनी तीच एक कॉर्ड हळू वाजवत ठेवली, ती पुन्हा गायला लागेपर्यंत. त्या दिवसाबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

अशा माणसाचे कान जावेत, याचा मला देवावर राग आला होता आणि तो मी लपवला नाही. तीस वर्षांच्या ग्राइंडरने आपलं काम चोख केलं होतं. आधी ते फोनवर ओरडून बोलायला लागले, मग विचारलं एक की उत्तर दुसरंच द्यायला लागले. कानाचं यंत्र आणलं, पण त्यातून गाणंसुद्धा ग्राइंडरसारखंच ऐकू येतं म्हणून ते डबीत गेलं. गिटार मात्र सुटली नाही. आई काय गाते ते अजून कळतं, असं ते म्हणायचे, आणि आम्ही मान डोलवायचो.

मग कापणीचा सण आला. त्या रविवारी आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं काही ना काही चर्चमध्ये आणतं. वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, पेरू आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या. मी नगरहून सुट्टीला आले होते. आईने गीत सुरू केलं, मामांनी मान तिरपी केली, चिमटा सरकवला आणि दुसऱ्या ओळीला गिटार वाजली ती भलत्याच पट्टीत. एक अख्खी ओळ आवाज एकीकडे आणि गिटार एकीकडे चालली. तबलेवाला थबकला. मामा शांतपणे वाजवत होते, त्यांना काहीच कळलं नव्हतं. आईने डोळे उघडून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कडवं संपलं तशी ती थांबली, आणि पुढचं कडवं तिने गिटारच्या पट्टीत उचललं. तिला ती फार चढी होती, मानेच्या शिरा ताठल्या. पण तिच्यामागे बाया गेल्या, बायांमागे बाप्ये, आणि सगळी मंडळी वर चढली. मामा समाधानाने मान हलवत होते.

हे पुढे दर रविवारी चाललं. कोणी कोणाला सांगितलं नाही, तरी लेकरांनासुद्धा कळलं होतं की पहिलं कडवं आपलं आणि दुसरं मामांचं. मी आईशी वाद घातला. म्हटलं, हे लपवणं बरं नाही, एक दिवस त्यांना कळलं तर त्यांचा जीव किती दुखेल. आई म्हणाली, तू सांगशील? मला तेवढी हिंमत नव्हती.

कळलं ते मोबाईलमुळे. कोणीतरी उपासनेचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकला आणि मामांनी घरी फोन कानाला दाबून, आवाज पूर्ण वाढवून तो ऐकला. एकदा नाही, पुन्हापुन्हा ऐकला असणार. दुपारी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाणी दिलं ते तसंच राहिलं.

"अक्का, त्या सुरात तुमचा आवाज फाटतोय," ते म्हणाले. "कवापासून चाललंय हे?"

आईने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, कापणीच्या सणापासून.

"मला तवाच सांगायचं हुतं. समदी मंडळी माझ्यामागं वढत नेली मी."

"तीस वर्सं मी भलतीकडंच सुरू करीत आले," आई म्हणाली. "तू सांगितलंस का कधी?"

मामा डोळे पुसून उठले. पुढच्या रविवारी ते गिटार न घेता आले आणि पुरुषांच्या दुसऱ्या बाकावर बसले. कोपऱ्यात आता कीबोर्ड असतो. त्या पोरांना मामांनी महिनाभर घरी बसवून एकच गोष्ट घोटून घेतली, पहिली ओळ वाजवायची नाही. पोरं ते पाळतात.

मामा आता गातात. इतकी वर्षं उपासनेत वाजवताना त्यांनी गायला तोंड उघडलं नव्हतं, ते सगळं आता बाहेर पडतंय असं वाटतं. त्यांचा आवाज भसाडा आहे, आणि स्वतःचाच सूर ऐकू येत नसल्यामुळे तो पार रानोमाळ जातो. आमच्या पंचक्रोशीतला सगळ्यात तयार कान ज्याचा होता, तो माणूस आता सगळ्यांत बेसूर गातो, आणि सगळ्यांत मोठ्याने. गेल्या ईस्टरला मी आईच्या शेजारी होते. उपासना संपल्यावर मामा आमच्याजवळ आले, दोन्ही हातांनी सलाम केला आणि आईला म्हणाले, "अक्का, खरं सांगा. माझ्या गान्याचा तरास हुतो का?"

आईने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"लई हुतो," ती म्हणाली. "म्हनत जा."