मालक आत, गाडी बाहेर

श्यामकांत खांबेटे ऑफिसात कधी आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नसे. शिपायालासुद्धा तो ‘भाईसाहब’ म्हणायचा. पण आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरखाली उभ्या असलेल्या त्याच्या फिकट निळ्या बीटलचा विषय निघाला की हाच मवाळ माणूस एकदम कडवा व्हायचा.

ती गाडी त्याच्या वडिलांची. अडुसष्ट सालची, एका परदेशी वकिलातीने विकायला काढलेली. वडीलही केंद्र सरकारच्या नोकरीत. पुण्याहून दिल्लीत आले ते इथलेच झाले. श्यामकांत त्या गाडीच्या मागच्या सीटवर, पाठीमागच्या इंजिनाची घरघर अंगात घेत लहानाचा मोठा झाला. घरात तिला सगळे भुंगा म्हणत. वडील गेले आणि गाडीही थांबली. इंजिन जाम झालं, टायर मातीला टेकले. मुनिरकाचा मेकॅनिक बॉनेट उघडून आत बघत म्हणाला, “साहब, इंजन तो है ही नहीं!” इंजिन मागे असतं हे त्याला श्यामकांतने सांगितलं, पण पुढे काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वेळी बळवंतराव सोनटक्के भेटले. मूळचे कोल्हापूरचे, साहिबाबादच्या एका पंपाच्या कारखान्यात आयुष्य गेलेले, गाझियाबादला वैशालीत राहणारे. त्यांच्याकडेही तशीच गाडी होती, हिरवी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ओळख करून दिली आणि पुढच्याच रविवारी बळवंतराव हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर झाले. दोन हिवाळे ते येत राहिले. त्यांच्या पत्नी भानुमतीवहिनी डब्यात थालीपिठं द्यायच्या, ती झाडाखाली बसून खायची आणि पुन्हा गाडीखाली शिरायचं. इंजिनाच्या झडपांचे टॅपेट कसे सेट करायचे, कार्ब्युरेटरचा आवाज कसा ऐकायचा, सगळं त्यांनी शिकवलं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा श्यामकांत चारचौघांत रडला. बळवंतरावांनी तिकडे लक्ष न देता चिंधीने हात पुसले आणि श्यामकांतच्या बायकोला, हेमलताला म्हणाले, “वहिनी, आता तरी चहा टाका.”

पुढे दिल्लीतल्या अशा गाडीवाल्यांचा क्लब निघाला. श्यामकांत सेक्रेटरी. इंजिन मागे असलेली, हवेवर थंड होणारी मूळ गाडी असेल तरच क्लबात आणायची, हा नियम त्यानेच लिहिला. कारण मधल्या काळात बीटलचा नवा अवतार आला होता. तसंच गोल छप्पर, तसेच डोळे, पण इंजिन पुढे, आत एसी, गिअर आपोआप पडणारे. क्लबातली मंडळी तिला ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणत. रिंग रोडच्या सिग्नलला अशी एखादी गाडी शेजारी आली की आतला माणूस भुंग्याकडे बघून हरखून हात करायचा. श्यामकांत सरळ समोर बघत राहायचा. हात वर करणं म्हणजे नातं मान्य करणं, असं त्याला वाटे.

बळवंतरावांचा डावा गुडघा बदलला त्या वर्षी त्यांनी हिरवी गाडी चंदीगडच्या एका माणसाला विकली. फोनवर तसं सांगितलं तेव्हा श्यामकांत घुश्शातच म्हणाला, “मला विचारायचं तरी!”

“विचारून काय केलं असतंस? माझा क्लच तू दाबला असतास?” बळवंतराव हसले. आता दुसरी गाडी बघतोय, एवढंच म्हणाले.

जानेवारीत क्लबचं वार्षिक संमेलन होतं, सोहना रोडच्या आतल्या एका फार्महाऊसवर. लॉनवर सतरा-अठरा जुन्या बीटल ओळीने लागलेल्या, ऊन पडलेलं, माइक श्यामकांतच्या हातात. तेवढ्यात फाटकातून पिवळीधमक नवी बीटल आवाज न करता आत आली. काच खाली झाली. आत बळवंतराव, शेजारी भानुमतीवहिनी, मांडीवर डबा.

लॉनवर कुजबुज सुरू झाली. क्लबचे अध्यक्ष सभरवाल मोठ्याने म्हणाले, “सेक्रेटरी साब, ये क्या आ गया?”

सगळे श्यामकांतकडे बघू लागले. त्याला काही तरी बोलणं भाग होतं, निदान त्या क्षणी त्याला तसं वाटलं. तो माइकवर म्हणाला, “मालिक ओरिजिनल है, गाड़ी डुप्लिकेट. तो भाई, मालिक अंदर, गाड़ी बाहर!”

काय हशा पिकला! टाळ्या पडल्या. सभरवालांनी तर श्यामकांतच्या पाठीवर थाप मारली. ऑफिसात कधीच कुणाला हसवू न शकलेल्या माणसाला ती थाप फार गोड लागली. बळवंतरावही हसले. हात वर करून ‘ठीक ठीक’ अशी खूण केली आणि गाडी मागे घेतली.

फाटकाबाहेर रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं. गाडी लावायला जागा थेट वळणापाशी होती. श्यामकांत पुढच्या गाडीची माहिती सांगत होता, पण त्याची नजर फाटकाकडे जात होती. बऱ्याच वेळाने ते दोघं दिसले. खड्ड्यांतून, विटांच्या तुकड्यांवरून, एका हातात काठी आणि दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर ठेवून बळवंतराव चालत येत होते. नवा गुडघा अजून नीट वाकत नव्हता. श्यामकांतच्या तोंडून वाक्यं येत राहिली, पण आपण काय बोलतोय हे त्याला ऐकू येईनासं झालं.

माइक खाली ठेवून चार पावलं पुढे जायला काय हरकत होती? तो गेला नाही. जेवणाच्या वेळी बळवंतरावांनी सगळ्या गाड्या फिरून पाहिल्या, एकाच्या इंजिनावर वाकून “बेल्ट ढीला है” असं सांगितलं, छोले छान झालेत म्हणाले. फोटोसाठी सगळे आपापल्या गाडीशी उभे राहिले तेव्हा ते कडेला खुर्चीवर होते. त्या ओळीतल्या निम्म्या गाड्यांना त्यांचे हात लागलेले. कुणी बोलावलं नाही. फोटो होईपर्यंत ते निघूनही गेले होते. ते निघाले तेव्हा श्यामकांतने पाहिलं होतं.

परतताना भुंग्यात हेमलता शेजारी बसली होती. धौला कुआँपाशी ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा म्हणाली, “भानुमतीवहिनींनी मला विचारलं, श्यामभावजी आमच्यावर रागावलेत का?”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं.”

“अगं, नियम आहे क्लबचा.”

“केला कोणी?”

यावर त्याने गिअर बदलला.

त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. त्याने नंबर काढलाही. पण काय बोलायचं? ‘गंमत केली हो’ असं म्हणावं, तर ती गंमत नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. उद्या करू, म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी कालचा फोन आज का, याचं कारण शोधावं लागलं आणि जसजसे दिवस गेले तसतसं ते कारण अवघड होत गेलं. संक्रांतीला बळवंतरावांचा नेहमीसारखा मेसेज आला, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला.’ त्यांनी तो सगळ्यांनाच पाठवला असणार, त्यात टोमणा नसणार. पण श्यामकांतला तो टोमणाच वाटला. त्याने नुसता नमस्काराचा हात पाठवला आणि स्वतःचाच राग आला.

फेब्रुवारीत भुंग्याने खोकायला सुरुवात केली. थंड इंजिन, टॅपेटची टिकटिक. एरवी त्याने पहिला फोन बळवंतरावांना केला असता. आता तो एकटाच गाडीमागे चटई टाकून बसला. हात शिकवल्याप्रमाणे चालत होते. ‘घाई करू नको, फटीतून पट्टी नुसती सरकली पाहिजे, अडली नाही पाहिजे,’ असं बळवंतरावांच्याच आवाजात ऐकू येत होतं. शेवटी तो उठला, हात धुतले आणि हेमलताला म्हणाला, “मी वैशालीला जाऊन येतो.”

“गाडी घेऊन?”

“नको. मेट्रोने.” भुंगा घेऊन त्यांच्या दारात जायची त्याला लाज वाटली.

बळवंतराव सोसायटीच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पिवळ्या गाडीचं दार पुसत होते. त्याला पाहून उठले नाहीत, पण दुसऱ्या खुर्चीवरची बादली खाली ठेवली.

“बस.”

श्यामकांत बसला. मेट्रोत जुळवलेलं सगळं विसरला. “बळवंतराव, त्या दिवशी माझं चुकलं.”

“हो, चुकलं,” ते म्हणाले.

‘छे रे, त्यात काय’ असं काहीतरी ऐकायला मिळेल, असं त्याला मनातून वाटत होतं. ते मिळालं नाही. बळवंतराव कापड पिळत राहिले.

“गाडी बाहेर लावायला सांगितलीस, त्याचं मला काही नाही. तुमचा नियम आहे. पण माइकवरून सांगितलंस, यार. फाटकाशी येऊन कानात सांगितलं असतंस, तर मी तसाच मागे फिरलो असतो. ही बिचारी डबा घेऊन बसली होती. तुझ्यासाठी केलेल्या वड्या होत्या त्यात. तो डबा तसाच परत आला.”

श्यामकांतला मान वर करवेना. काहीतरी सावरायचं म्हणून तो म्हणाला, “मला कळायला हवं होतं. गुडघ्यामुळे नाइलाजाने घेतलीत तुम्ही ही गाडी.”

“नाइलाजाने?” बळवंतरावांचे हात थांबले. “श्याम, मला ही गाडी आवडते.”

“अहो, पण...”

“पण काय? इंजिन पुढे आहे, मला दिसत नाही का? मी आंधळा नाही. जुनीची मजा वेगळी, ती हिच्यात नाही, मान्य. पण हे छप्पर बघ. हा गोल कुणीतरी बसून काढलाय ना? ज्याने काढला, त्याच्या डोळ्यांपुढे तुझा-माझा भुंगाच होता. त्याचा जीव होता त्या गाडीवर, म्हणून तर काढला. तो माणूस आपल्यातलाच झाला की. त्याला तुम्ही नकली म्हणून हसता.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि खरं सांगू? तुझ्या वहिनीला विचार. त्या जुन्या गाडीत पेट्रोलच्या वासाने हिचं डोकं धरायचं. इतकी वर्षं मला एका शब्दाने बोलली नाही. मी तरी कुठे विचारलं? आता या गाडीत बसली की दहा मिनिटांत झोपते.”

भानुमतीवहिनी चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्या नुसत्याच हसल्या. “श्यामभावजी, हेमलता कशी आहे? गेल्या जूनमध्ये तुमच्या भुंग्यात तिला भोवळ आली होती ना, तेव्हापासून मला काळजीच वाटते.”

श्यामकांतला भोवळीचं माहीत नव्हतं.

“चल, चक्कर मार,” बळवंतरावांनी किल्ली पुढे केली. तो नको-नको म्हणत होता, पण किल्ली हातात आली. हिंडनच्या बाजूला रस्ता मोकळा होता. गाडी अशी सरकली की आपण ती चालवतोय हे विसरावं. मानेवर गार हवा, बाहेरचा गोंगाट दूर. आणि त्याला ती आवडली. फार आवडली. वडिलांच्या गाडीशी बेइमानी करतोय असं वाटलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला आपण कशापायी दुखावलं हे आठवून त्याहून वाईट वाटलं.

“कशी आहे?” बळवंतरावांनी विचारलं.

“चांगली आहे,” तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने हेमलताला भोवळीबद्दल विचारलं. “तुम्ही इतके खुशीत होतात त्या दिवशी,” ती म्हणाली, “बिघडवायचं जिवावर आलं.” त्यानंतर उन्हाळ्यात तो तिला भुंग्यातून न्यायचा बंद झाला.

मार्चच्या बैठकीत त्याने ठराव मांडला, नव्या बीटलनाही क्लबात घ्यावं. बळवंतराव जे म्हणाले होते ते त्याने हिंदीतून सांगायचा प्रयत्न केला, पण ते तितकं जमलं नाही. सभरवाल म्हणाले, “खांबेटे साब, आप ही ने तो सिखाया है. मालिक अंदर, गाड़ी बाहर!” सगळे पुन्हा तसेच हसले. ठरावाच्या बाजूने त्याचा आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा, असे दोनच हात वर झाले. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला कळलं की त्यात गमतीचा अंशही नव्हता. त्याने सेक्रेटरीपद सोडलं. क्लब मात्र सोडवला नाही. त्या गाड्या बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

हे सगळं त्याने बळवंतरावांना उत्साहाने फोनवर सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, “मी कुठे म्हटलं होतं मला क्लबात घ्या म्हणून? तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून केलंस. वाटलं ना बरं? झालं तर मग.”

बरं वाटलं नव्हतं. पण ते त्याने सांगितलं नाही.

आता बळवंतराव अधूनमधून आर. के. पुरमला येतात. गुडघ्यामुळे गाडीखाली शिरता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून सूचना देतात, श्यामकांत गाडीखाली असतो. दोघी वर गप्पा मारतात. हसणं, चहा, थालीपीठ, सगळं आहे. फक्त पूर्वी ते केव्हाही यायचे, खालूनच हाक मारायचे. आता आदल्या दिवशी फोन करतात. “उद्या येऊ का रे? वेळ आहे ना तुला?”

“विचारता काय, या ना,” श्यामकांत म्हणतो. पुढच्या खेपेला ते पुन्हा विचारतात.